पानाची मागची बाजू

परवा घरी कुरिअर आलं. आणणाऱ्या पोरानं पाकीट द्यायच्या आधी मोबाइल पुढं केला आणि म्हणाला, "काका, बोटानं सही करा." मी बोट फिरवलं. काचेवर जे काही उमटलं त्याचा आणि माझ्या नावाचा काही संबंध नव्हता. मी म्हणालो, "ही माझी सही नाही." तो म्हणाला, "चालतंय हो काका, कोण बघतंय?" आणि जिना उतरून गेलासुद्धा.

कोण बघतंय म्हणे! मी दारातच चरफडत उभा राहिलो. बघणारा एक माणूस मला माहीत होता. त्यानं आधी तो मोबाइल उलटा करून मागं काय आहे ते पाहिलं असतं, मग त्या पोराला घरात बोलावून पाटावर बसवलं असतं आणि कागदावर सही करून घेतल्याशिवाय सोडलं नसतं. पोराच्या बाकीच्या पाकिटांचं काय व्हायचं ते होवो.

वाटूर फाट्यावरून आत गेलं की परतूर तालुक्यातलं एक गाव लागतं. तिथल्या एका संस्थेच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा हे सर तिथं आधीपासून होते. जालना वेगळा जिल्हा झाला त्याच साली ते लागले होते आणि शाळेच्या दर्शनी पाटीवरचं 'जि. परभणी' खोडून 'जि. जालना' त्यांनीच रंगवलं होतं. ते शिकवायचे मराठी, पण त्यांचा खरा जीव हस्ताक्षराच्या तासात. गावात त्यांना सगळे कित्तावाले सर म्हणत. मूळचे राजूरचे, त्यामुळे चतुर्थीला गणपतीला जायचे म्हणजे जायचेच. एरवी खोली, शाळा आणि खिशात चार शाईपेनं. पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली शाईचा एक निळा डाग कायमचा असायचा. शर्ट बदलला तरी डाग त्याच जागी.

त्यांच्या तासाला पोरांनी वहीबरोबर गादी आणायची असा नियम होता. गादी म्हणजे जुन्या वर्तमानपत्राचे आठ-दहा थर, वहीच्या मापात कापून कडेनं सुईदोऱ्यानं शिवलेले. ती पानाखाली घालायची आणि मगच लिहायचं. ज्याची गादी घरी राहिली त्यानं त्या दिवशी नुसतं बसायचं. बाहेरून आलेल्याला हा प्रकार फार विचित्र वाटायचा. आमच्या बाकांना पिढ्यान् पिढ्या कर्कटकानं खाचा पाडलेल्या होत्या, तेव्हा अक्षर सरळ यावं म्हणून ही सोय असेल अशी मी माझी समजूत करून घेतली होती. दोन वर्षं मी त्याच समजुतीत होतो.

मग एकदा शिक्षकांच्या खोलीत त्यांना वह्या तपासताना नीट पाहिलं. माणूस अक्षर वाचतच नव्हता! वही उघडायची, पान उलटं करायचं, डोळे मिटायचे आणि मधलं बोट मागच्या बाजूवरून ओळीओळीनं फिरवायचं. पेनाच्या दाबानं मागं जे उंचवटे आलेले असतात, तेच ते चाचपत होते. गादी त्यासाठीच होती, खाली मऊ असल्याशिवाय मागं काही उमटत नाही.

"सर, हे काय करून राह्यलात?" मी विचारलं.

"तपासून राह्यलो."

"उलटं?"

"पुढून काय तपासायचं, सायन्सवाले? पुढं लेकरू जे दाखवायचं ते दाखवतं. कोन उपाशी आलंय, कोनाला घरी मार बसलाय, कोनी दुसऱ्याचं बघून उतरवलंय, ते समदं मागून लागतं हाताला. बघून उतरवलेलं बराबर एकसारखं लागतं. सोताच्या डोक्यातनं आलेलं कधी जोरात, कधी हळू."

मला ते नावानं हाक मारत नसत. मी सायन्सवाले. चित्रकलेचे शिक्षक रंगवाले आणि मुख्याध्यापक शिक्केवाले.

हे सगळं थोतांड आहे असं माझं ठाम मत होतं, विज्ञानाच्या माणसाला शोभेल असं. ते मत माझ्याच एका रजेच्या अर्जानं डळमळलं. मी 'मामेबहिणीचे लग्न' असं कारण लिहून अर्ज दिला. त्या दिवशी मुख्याध्यापक नव्हते, म्हणून अर्ज सरांच्या हातात गेला. त्यांनी सवयीनं कागद उलटा केला, बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "लग्नाला चाललाय आन् एवढं दाबून लिहिलंय? कागद फाटायचा राह्यलाय. दुसरीकडं इंटरव्ह्यू हाय का?" माझे कान गरम झाले. इंटरव्ह्यूच होता, औरंगाबादला. त्यांनी अर्जावर शिफारस केली, कोणाला काही बोलले नाहीत आणि निघताना मला त्यांचं एक पेन दिलं. "तिथं लिहून दाखवायला सांगितलं तर ह्यानं लिहा. तुमचं बॉलपेन घसरतंय." नोकरी मिळाली नाही, पण पेन माझ्याकडंच राहिलं.

ते चुकायचेही, आणि चुकले की सगळ्या गावाला कळेल असं चुकायचे. एकदा एका पोराच्या वहीत पानाला भोकं पडलेली निघाली. सर तडक त्याच्या घरी गेले आणि बापाला दारातच फैलावर घेतलं. लेकराला मारता, लाज वाटत न्हाई का, रोज भीतीनं थरथरत लिहून राह्यलंय ते. बाप बिचारा खाली मान घालून ऐकत होता. चहा झाला. मग आजीनं सांगितलं की नातू काल तिच्याबरोबर कापूस वेचायला गेल्ता आणि त्यानं गृहपाठ कापसाच्या पोत्यावर बसून, पोत्यावरच वही ठेवून केला. भोकं पोत्यानं पाडली होती. सरांनी भर अंगणात त्या बापाला हात जोडले. "माझं चुकलं. पन पोत्यावर लिहू देऊ नका," म्हणाले आणि त्याच तोऱ्यात परत आले. बाप पुढं वर्षभर हा किस्सा पारावर सांगत होता, "सरांनी मला फुकट झोडपलं," म्हणून, आणि सांगताना त्याला त्यात अभिमानच वाटायचा.

छापील लग्नपत्रिकेला ते जात नसत. "ह्याला मागं काहीच न्हाई," म्हणून ती परत करायचे. मग गावात रीतच पडली, सरांच्या पत्रिकेवर घरातल्या कोणीतरी पेनानं एक ओळ लिहायची. लिहिणारं कोणी नसेल तर नवरीलाच बसवायचे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी शेरेबुकात घाईघाईनं चार ओळी खरडल्या, तर सरांनी त्या लाल शाईनं दुरुस्त केल्या, खाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला आणि वही साहेबांच्या जीपपर्यंत नेऊन दिली. साहेबांनी पुन्हा लिहिलं! संस्थेच्या अध्यक्षांनी मात्र ही गोष्ट मनात ठेवली.

आता येतो मी मुद्द्यावर, आणि इथून पुढं माझा आवाज चढला तर चढू द्या.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी संस्थेला कुठूनशी देणगी मिळाली आणि शाळेत दहा डिजिटल पाट्या आल्या. काळी गुळगुळीत पाटी, तिला वायर, वायरीला कॉम्प्युटर आणि हातात एक पेन, ज्यात शाई नाही. पाटीवर लिहायचं आणि अक्षर समोरच्या पडद्यावर उमटायचं. आत एक प्रोग्राम होता. तो पोरांनी काढलेलं अक्षर त्याच्या पोटातल्या नमुन्याशी ताडून शंभरपैकी मार्क द्यायचा. कॉम्प्युटरचा कोर्स सगळ्या शाळेत एकट्या माझा झालेला, त्यामुळं ते खातं माझ्याकडं आलं, आणि मी हुरळून गेलो. खोटं कशाला बोलू? मला वाटलं आता आमच्या पोरांना पुण्यामुंबईच्या पोरांची बरोबरी करता येईल.

शिकवायला औरंगाबादहून एक तरुण आला. त्यानं मला सगळं दाखवलं. सुरुवातीला पोरांची अक्षरं पडद्यावर कुठं जाड, कुठं बारीक उमटत होती आणि मशीन मार्क कापत होतं. तो म्हणाला, "सर, इथं पडद्यावर ह्या चौकटीत एक खूण आहे, ती काढून टाका. रेघ एकसारखी येईल, पोरांना मार्क पण चांगले पडतील." मी खूण काढून टाकली. रेघ खरोखरच एकसारखी, स्वच्छ यायला लागली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर उद्घाटन ठेवलं. पालक, गावकरी, अध्यक्ष, सगळे जमले. अध्यक्षांनी हसत हसत जाहीर केलं, "पयला मान आपल्या कित्तावाल्या सरांचा!" मला त्या हसण्यात काही खुपलं नाही. सर पुढं आले. त्यांनी ते पेन हातात घेतलं, टोक बघितलं, शर्टाला पुसलं आणि 'श्री' काढला. हात थबकला. पुन्हा काढला. "मी इथं लिहून राह्यलो आन् उमटून राह्यलं तिथं," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "ह्यानं हाताला कसं कळायचं?" हात पाटीवर घसरत होता, कारण त्यांना लागणारी कागदाची अडवणूक तिथं नव्हतीच. त्यांनी तरी ओळ पुरी केली. मशीननं मार्क दिले एकतीस.

"सर, मशीननं तर तुमाला नापास केलं की हो!" अध्यक्ष माईकवर म्हणाले.

सगळं मैदान हसलं. सरांनी पाटी उचलली, उलटी केली आणि मागच्या बाजूवर बोट फिरवलं. मागं बनवणाऱ्याचं एक स्टिकर होतं, बाकी काही नव्हतं. त्यावर लोक जास्तच हसले. मीही हसलो. ज्या माणसानं त्या मैदानातल्या अर्ध्या लोकांना पेन धरायला शिकवलं होतं त्याच्यावर हसलो, आणि त्याचा मला आजही राग येतो, स्वतःचा.

आठवड्याभरात हस्ताक्षराचा तास माझ्याकडं आला. कित्त्याच्या वह्या बंद, शाई बंद. गाद्या गोळा करून कोपऱ्यात ढीग घातला. आणि सरांना काय काम द्यावं? तर दुपारच्या खिचडीवर देखरेख! पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला खिचडीची वाटप वही आणि एक पळी देऊन चुलीपाशी उभं केलं. बरं, चूल पेटवायला काय वापरत होते? त्याच गाद्या. पोरांनी रात्री जागून शिवलेल्या, नावं घातलेल्या गाद्या खिचडीवाल्या मावशी एकेक करून चुलीत सारत होत्या आणि सर शेजारी उभे राहून बघत होते. मावशींचा त्यात दोष नव्हता, त्यांना ढीग दाखवून दिला होता. मी दोन वेळा त्यांच्या समोरून गेलो आणि दोन्ही वेळा घाईत असल्याचं दाखवलं.

तिसऱ्या वेळी त्यांनीच मला अडवलं. त्यांच्या हातात पाचवीतल्या वैशालीची जुनी वही होती. वैशाली एका गवंड्याची मुलगी. बाप कामाला कधी आष्टीला, कधी जालन्याला, आई लोकांच्या रानात खुरपणीला. पोरगी शांत, दुसऱ्या बाकावर बसणारी.

"सायन्सवाले, हे बघा. हात लावा." त्यांनी माझं बोट धरून पानाच्या मागं टेकवलं. "हे दिवाळीच्या आधीचं. लागतंय ना? आता हे डिसेंबरचं. आन् हे शेवटचं, तुमच्या मशीनच्या आदल्या हप्त्यातलं. काही लागतंय का?"

शेवटचं पान गुळगुळीत होतं.

"पोरगी पातळ होऊन राह्यलीय," ते म्हणाले. "तिला कायतरी झालंय. तुमच्या तासाला तिला दोन ओळी कागदावर लिहायला लावा. नुसत्या दोन. मला बघू द्या, आनखी कमी झालंय का. परवानगी द्या तेवढी."

मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. "सर, तिला काल सत्त्याऐंशी पडले. वर्गात पहिली आली. तुम्ही उगाच काळजी करताय."

आणि ते खरंच होतं. वैशालीचे मार्क दर आठवड्याला वाढत होते. दाबून लिहिणाऱ्या दांडग्या पोरांचं पेन पाटीवर अडखळायचं, धक्के बसायचे, रेघ मोडायची. हिचं पेन तरंगत जायचं. मी तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. तिच्या हातातलं बळ जात होतं आणि मी तिला त्याचं बक्षीस देत होतो! हे लिहिताना आत्ताही माझा हात कागदावर जोरात पडतोय, सरांनी उलटं करून बघितलं असतं तर त्यांना लागलं असतं.

सरांनी परवानगीची वाट बघितली नाही. खिचडीच्या रांगेत त्यांनी वैशालीला बाजूला घेतलं. ताट धरायला तिला दोन्ही हात लागत होते, हे त्यांनी आधीच हेरलं होतं. वाटप वहीचं एक कोरं पान, खाली चुलीपासून वाचवलेली एक गादी आणि स्वतःचं पेन. "नाव लिही, बाळा." तिनं लिहिलं. त्यांनी पान उलटलं, बोट फिरवलं, वही मावशींच्या हातात दिली आणि पोरीचा हात धरून सरळ तिच्या घरी गेले.

आई नुकतीच रानातून आली होती. ती म्हणाली, "गुरुजी, तिला कामाचा कंटाळा हाय दुसरं काय. दोन घागरी आनल्या की बसती. मी पन वरडते तिला."

"वरडू नका. कंटाळा असलेलं पोरगं जोरात लिहितं, चिडून लिहितं. हिच्या अंगात जीवच न्हाई राह्यला. चला, जल्दी चला. जालन्याला जायचंय."

"आत्ता? तिचे बाप न्हाईत घरी."

"बाप आल्यावर जाऊ म्हनता? बिलकुल न्हाई. चला."

तिघं फाट्यावर आले आणि मिळाली त्या एसटीनं जालन्याला गेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. लहानपणी कधीतरी ताप येऊन गेला होता, त्यानं हृदयाची झडप खराब केली होती. आणखी सहा महिने गेले असते तर हातात काही राहिलं नसतं, असं ते म्हणाले. पुढं औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. पोरगी वाचली. आज ती दोन लेकरांची आई आहे.

आता ऐका शाळेनं काय केलं ते. सरांना नोटीस! विद्यार्थिनीला शाळेच्या वेळेत, विनापरवानगी, गावाबाहेर नेल्याबद्दल खुलासा करावा, तीन दिवसांत. आणि खिचडी वाटप वही बेजबाबदारपणे स्वयंपाकिणीच्या हाती सोपवल्याबद्दल वेगळा खुलासा. ज्यांच्या नाकासमोर पोरगी रोज फिकी पडत होती आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, ती माणसं खुलासा मागत होती! मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बोललो. ते म्हणाले, "वरून आलंय, मी फक्त शिक्का मारला." शिक्केवाले, दुसरं काय. वर्षाअखेर संस्थेच्या अहवालात वैशालीचा फोटो छापला. तिच्या हातात डिजिटल पाटी दिली होती आणि खाली लिहिलं होतं, 'हस्ताक्षरात प्रथम आलेल्या विद्यार्थिनीची गंभीर आजारावर मात.' सरांचा उल्लेख कुठंच नव्हता.

सरांनी खुलासा कागदावर लिहिला. तो मी पाहिला, कारण टाइप करायला माझ्याकडंच आला. त्यात एकच ओळ होती, 'परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही.' कोणाकडं मागितली ते लिहिलं नव्हतं. मी कागद उलटा केला. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं होतं. मी तो टाइप केला नाही. खाली माझ्या हातानं लिहिलं की परवानगी माझ्याकडं मागितली होती आणि मी ती नाकारली, सही केली आणि कागद तसाच वर पाठवला. त्यावर पुढं काहीच झालं नाही. कोणी मला विचारलंही नाही. माझी चूक संस्थेच्या दृष्टीनं चूकच नव्हती, कारण ती नियमात बसत होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात भारनियमनानं आणि गळक्या छपरानं चार पाट्या बंद पडल्या. दुरुस्तीला आलेला माणूस वयस्कर होता. त्यानं पडद्यावर इकडं तिकडं बघितलं आणि मला म्हणाला, "सर, ह्या पाट्यांना हाताचा दाब कळतो. कोण किती जोरात लिहितं त्याची नोंद होते. तुमच्याकडं ही सोय बंद का ठेवलीय?"

ती खूण मीच काढली होती, रेघ स्वच्छ दिसावी म्हणून. म्हणजे पाटीला सगळं कळत होतं. एक पोरगी रोज थोडी थोडी विझत चालली आहे हे मशीन मला सांगायला तयार होतं आणि मी त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं. माझा मशीनवरचा राग त्या दिवशी संपला आणि राहिला तो आमच्यावरचा, जो आजतागायत आहे.

मी लगेच जाऊन सरांना सांगितलं. ते चुलीपाशी खिचडीची वही भरत होते. त्यांनी पेन बंद केलं.

"म्हंजी पाटीची चूक न्हाई?"

"नाही सर. माझी."

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. "मी उगाच त्या बिचारीला शिव्या देऊन राह्यलो इतके दिवस." आणि पुन्हा वही भरायला लागले. मला ते काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हस्ताक्षराच्या तासाला पोरांना गाद्या शिवून आणायला सांगितल्या. पाट्या ठेवल्या, ती खूण पुन्हा घातली, आणि आठवड्यातून दोन दिवस कागद. अध्यक्षांनी बोलावून झापलं. मी म्हणालो, मलाही खिचडीवर पाठवा. पाठवलं नाही, कारण कॉम्प्युटर चालवणारा दुसरा कोणी नव्हता.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि भेट म्हणून काय दिलं असेल? बंद पडलेल्या चारांतली एक पाटी, चकाकत्या कागदात गुंडाळून! अध्यक्षांना वाटलं, केवढा हा विनोद. सरांनी ती घेतली, सवयीनं उलटी करून बघितली आणि आभाराचे दोन शब्द बोलून ते खाली बसले. त्या दिवशी कोणी हसलं नाही, निदान मी तरी नाही.

ते राजूरला जाऊन राहिले. एकटेच, भावकीच्या घराला लागून एक खोली. महिन्याला त्यांचं एक पोस्टकार्ड यायचं. पोस्टकार्डाला ते नावं ठेवायचे, जाड असतं, मागं उमटत नाही म्हणून, पण माझ्यासाठी तेवढंच पुरे असं त्यांचं मत होतं. चतुर्थीची गर्दी, पेढ्यांचे वाढलेले भाव, यंदा मक्याला लष्करी अळी, कोणाच्या तरी पोराचं अक्षर. शेवटी ठरलेलं वाक्य, 'प्रकृती ठणठणीत.'

एका महिन्यात कार्डाऐवजी पाकीट आलं. आत साधा, पातळ कागद. अक्षर तेच, छापून काढावं असं. 'दर्शनाला आता लवकर जातो, गर्दी टळते. पेढा गोडच असतो. आपले विद्यार्थी काय म्हणतात? प्रकृती ठणठणीत. काळजी नसावी.' मी वाचून पत्र घडी करायला घेतलं. मग थांबलो. उलटं केलं, डोळे मिटले आणि मधलं बोट ओळीओळीनं फिरवलं.

बोटाला काहीच लागलं नाही. मी पुन्हा फिरवलं, उजेडाकडं धरून बघितलं. पान मागून कोरं होतं.

त्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला नाही. फाट्यावर येऊन जालन्याची गाडी धरली, तिथून राजूरची. दुपारी त्यांच्या खोलीचं दार ढकललं तर सर खाटेवर पडलेले. गाल आत गेलेले, पांढरा शर्ट अंगावर सैल, डाग मात्र जागच्या जागी. मला बघून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"तुम्ही? कोनी सांगितलं तुम्हाला?"

मी पत्र काढलं आणि उलटं करून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग एकदम चिडले.

"तसं काई न्हाई! खाली गादी घेतली न्हवती म्हनून असं झालं. उगाच कायतरी अंदाज काढू नका, सायन्सवाले. मला काई झालं न्हाई."

गादी त्यांच्या उशाशीच होती, नवी, कडेनं निळ्या दोऱ्यानं शिवलेली. वरच्या थरावर शाईचे ठिपके होते आणि एका कोपऱ्यात माझ्या पत्त्याची पुसट छाप उठली होती.

त्यांनी माझी नजर पाहिली आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

"चला सर," मी म्हणालो. "जालन्याला जायचंय. गाडी वीस मिनिटांत आहे."

"तुमचा तास असंल आज."

"आहे."

ते हळूहळू माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना फार कमी वेळा पाहिलं होतं.

"परवानगी काढलीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि खाली बसून त्यांच्या पायात चपला घातल्या.